अंजिराचा हंगाम नव्हता

ताराबाई उठून उभी राहिली तेव्हा शहादेव अजून अंजिराच्या झाडापाशीच होता.

"प्रभूला भूक लागली होती," तो सांगत होता. "लांबून पानांनी भरलेलं झाड दिसलं, म्हणून तो जवळ गेला. बघतो तर नुसती पानं. फळ एकही नाही. तेव्हा तो त्या झाडाला म्हणाला..."

इथं त्याला तिसऱ्या बाकावरची ताराबाई दिसली आणि तो थांबला.

खापरवाडीच्या चर्चमध्ये उपदेश चालू असताना कुणी उठत नसे. साक्ष द्यायची असेल तर ती उपदेशानंतर. मग मात्र ज्याला जे सांगायचं ते त्यानं सांगावं, मधे कुणी अडवायचं नाही, अंबाजोगाईहून महिन्यातून एकदा येणाऱ्या पाळकसाहेबांनीसुद्धा नाही, अशी जुनी रीत होती. उरलेले तीन रविवार शहादेव उपदेश करी. तो मंडळीचा पंच होता, आणि आठवड्याचे बाकीचे सहा दिवस गावच्या दूध डेअरीचा सचिव.

"काकू, उपदेश संपू द्या. साक्ष मागून," तो म्हणाला.

"साक्ष न्हाई द्यायची. इचारायचंय."

पत्र्याच्या छपराखाली त्या दिवशी एकोणीस माणसं होती. निम्मी मंडळी ऊसतोडीला गेलेली, मागं राहिलेले म्हातारेकोतारे आणि जनावरांपायी अडकलेले. मार्चमध्येच छप्पर तापलं होतं. पुढच्या बाकावरच्या पारूबाईनं मान वळवून ताराबाईला खाली बसायची खूण केली. ती ताराबाईनं पाहिली आणि सोडून दिली.

"त्या वक्ताला अंजिराचा हंगाम होता का?"

शहादेवनं पुस्तकात पाहिलं. खरं तर पाहायची गरज नव्हती. हा उतारा लहानपणी त्याच्याकडून ताराबाईनंच पाठ करून घेतला होता, याच चर्चच्या ओट्यावर, हातात निरगुडीची छडी घेऊन.

"नव्हता," तो म्हणाला. "तसं लिहिलेलं आहे. अंजिराचा हंगाम नव्हता."

"मग झाडाचा काय गुन्हा?"

"त्याचा अर्थ असा आहे काकू, की पानं म्हणजे बाहेरचा देखावा. आपण विश्वासणाऱ्यांनी सदासर्वकाळ फळ..."

"अर्थ मला ठावं हाय. मीच शिकवलाय तुला. मी झाडाचं इचारतेय. हंगाम नसताना झाडानं फळ कुठून आणायचं? आन माजी म्हैस सातव्या महिन्यात गाभण हाय, तिनं दूध कुठून आणायचं? काल डेअरीच्या फळ्यावर माजं नाव कमी केलंस का न्हाई?"

आता कुणी ताराबाईला बसायची खूण केली नाही. शहादेवनं पुस्तकात बोट घालून ते मिटलं.

"काकू, ते डेअरीचं हाय. हे देवाचं घर हाय." पुस्तकी बोलणं त्याच्या तोंडातून कधी गळालं ते त्यालाही कळलं नाही.

"कावून? देवाच्या घरात म्हशीचं नाव घेत न्हाईत? गव्हाणीत जन्मला ना तो? तवा गोठा चालला त्याला!"

मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. ताराबाई हसली नाही. 

"विश्वास ठेवा काकू," शहादेव हळू म्हणाला. "देव सोडत न्हाई."

"विश्वास झाडानं ठेवायचा, आन पाणी कुणी घालायचं? दुसरी गोष्ट हाय ना शास्त्रात, तीन सालं फळ न देणाऱ्या झाडाची? मालक म्हणतो तोडा. माळी म्हणतो, एवढं साल राहू द्या, मी आळं खणतो, खत घालतो. मग बघू. ती गोष्ट आज कावून काढली न्हाईस? शाप तेवढा काढलास!"

एवढं बोलून ती बाहेर पडली. चपला घालताना तिला आतून गीत सुरू झाल्याचं ऐकू आलं. शहादेवनं उपदेश अर्ध्यावरच गुंडाळला होता. सूर नेहमीपेक्षा वर लागला होता.

अंगणात उंबर उभा होता. गावात दुसरं हिरवं झाड म्हणून उरलं नव्हतं. मिशनच्या जुन्या साहेबानं तो हातानं लावला होता, जक्कयासाठी. जक्कय म्हणजे शास्त्रातला तो बुटका जकातदार, लोकांकडून जास्तीचं उकळणारा. येशू गावात आला तेव्हा गर्दीत दिसेना म्हणून तो उंबरावर चढला, आणि येशू नेमका त्याच झाडाखाली थांबून म्हणाला, लवकर खाली उतर, आज मला तुझ्या घरी राहायचं आहे. दर वर्षी पोरांकडून हा प्रसंग ताराबाई या खऱ्या उंबरावर करवून घ्यायची. शहादेव लहानपणी सगळ्यांत बुटका, म्हणून पाच वर्षं जक्कय तोच झाला होता.

आता बुंध्याला पत्र्याची पाटी होती: "या झाडास हात लावू नये. हुकमावरून, पंच कमिटी." तीही शहादेवनंच रंगवलेली. गावातले लोक तसेही दत्तासाठी उंबराला कोयता लावत नव्हते. त्यात आता येशूही आला होता. गाभण म्हशीनं मात्र नुसतं लांबून हिरवं बघायचं होतं.

डेअरीचा नियम ऐकायला साधा होता. चेअरमन सुंदररावांनी गोदाकाठच्या गावांतून उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणायची सोय केली होती. ट्रक सोमवारी आणि गुरुवारी सकाळी यायचा, आणि सभासदाला जनावरामागं दोन पेंढ्या मिळायच्या. पण नव्वद दिवस ज्याचं दूध नाही, तो सभासद चालू नाही. त्याला पेंढी नाही.

एका जनावरावर जगणाऱ्याचं जनावर आटलं की तो संपला. सुंदररावांच्या गोठ्यात नऊ जनावरं होती. आठ भाकड होती आणि एक गाय दुभती होती. त्या एका गाईच्या दुधावर सभासद चालू राहत होता आणि आठ भाकडांना पेंढ्या मिळत होत्या. यात कुठंही लबाडी नव्हती. सगळं नियमात बसत होतं, आणि ताराबाईला संताप यायचा तो त्याचाच. चोरी असती तर चोर तरी म्हणता आलं असतं.

शनिवारी फळ्यावर अकरा नावं कमी झाली होती. तिच्या नावाखालचं नाव शेजारच्या दगडाबाईचं होतं.

दगडाबाईचं घर बौद्ध. दोघींचे आजे एकाच भावकीतले. एकाचं घर मिशनकडं गेलं, दुसऱ्याचं छप्पन साली बाबासाहेबांच्या मागं. दोघी एकमेकींच्या देवाधर्माची थट्टा गेली तीस वर्षं करत होत्या आणि मीठमिरची एकमेकींच्या घरून नेत होत्या.

"भर चर्चमधी बोललीस म्हणं," दगडाबाई त्या दुपारी दारात येऊन बसली. "झाडाला शाप देतो व्हय तुमचा देव? आमचा बुद्ध बघ. झाडाखाली बसला, ग्यान घेतलं, झाडाला काय म्हणला न्हाई."

"त्याला भूक लागली नसंल."

"सात हप्ते उपाशी होता!"

ताराबाईला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. भिंतीवर तिचं वर्षाचं वचन लावलेलं होतं. एक जानेवारीला चर्चमध्ये टोपलीतून ज्यानं त्यानं एक चिठ्ठी उचलायची आणि त्यातलं वचन वर्षभर आपलं मानायचं. तिला आलं होतं पाण्याकाठी लावलेलं झाड. अवर्षणाच्या सालीसुद्धा त्याला चिंता पडत नाही, त्याचं पान हिरवंच राहतं. टँकर दहा दिवसांनी येणाऱ्या गावात हे असलं वचन! ती चिठ्ठी तिनं दोनदा उलटी करून लावली होती आणि दोनदा पुन्हा सुलटी केली होती.

गोठ्यात चांदीनं मान वर करून पाहिलं. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून तिचं नाव चांदी. पोट पुढं आलेलं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. पोटातलं रेडकू आता आईचंच हाडमांस खात होतं, हे सांगायला गुरांच्या डॉक्टरची गरज नव्हती. पंधरा दिवस असेच गेले तर म्हैस उठायची नाही, आणि म्हैस गेली तर रेडकूही गेलं.

सोमवारी ट्रक आला तेव्हा ताराबाई तरीही रांगेत जाऊन उभी राहिली. नाही म्हणतील तर म्हणोत. तोंडावर म्हणू द्या. पण पेंढ्या टाकणाऱ्या सुग्रीवनं हातातला कागद पाहिला आणि दोन पेंढ्या तिच्या पुढ्यात टाकल्या.

"माजं नाव हाय?"

"हाय की. हे बघा. घ्या मावशी, मागं लाईन हाय."

ताराबाईला भरून आलं. उगीच बोलले भरल्या मंडळीत, असं वाटलं. पोरगं ऐकणारं आहे, माळ्याची गोष्ट त्याच्या मनात उतरली, नियम बदलला. आत दुधाची फॅट तपासत बसलेल्या शहादेवकडं तिनं पाहिलं, पण त्यानं काही मान वर केली नाही. पेंढ्या डोक्यावर घेऊन ती घरी आली. चांदीनं वाढं असं ओढलं की दोरी तुटायची राहिली.

दगडाबाई कुडापलीकडून बघत होती.

"तुला मिळालं?"

"तू बी जा ना! नियम बदललाय."

"जाऊन आलते. माजं नाव न्हाई." दगडाबाईनं चांदीपुढच्या वाढ्याकडं पाहिलं. "वशिला हाय बाई तुमच्या येशूचा. आमचा बुद्ध बिचारा कुठं डेअरीत कामाला हाय?"

थट्टाच होती. पण रोजच्यासारखी हसत केलेली नव्हती. ताराबाईनं एक पेंढी उचलून कुडावरून पलीकडं टाकली. गुरुवारीही तसंच केलं. शहादेवच्या हातून दगडाबाईचं नाव राहून गेलं असेल, पुढच्या खेपेला लागेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

पुढच्या सोमवारी तिनं सुग्रीवलाच विचारलं, "दगडाबाईचं नाव कवा चढणार रे?"

"त्यांचं दूध कुठं येतंय मावशी? तुमचं रोजचं अर्धा लिटर येतंय, म्हणून तुमचं चढलं."

ताराबाईनं डोक्यावर घेतलेल्या पेंढ्या खाली टाकल्या.

"माजं दूध येतंय?"

"रोजच्या रोज. सकाळी."

तिला कळायला वेळ लागला नाही. शहादेवच्या घरी एक जर्सी गाय होती. पहाटे तो तिचं दूध काढून डेअरीत आणायचा. त्यातलं अर्धा लिटर तो तिच्या नावावर घालत होता, गुपचूप, स्वतःच्या पोरांच्या तोंडचं. नियम होता तसाच होता. अकरातलं एक नाव मागच्या दारानं आत घेतलं होतं, दहा बाहेरच होती, आणि ताराबाईचं तोंड बंद झालं होतं. आठवडाभर ती मनातल्या मनात त्याला आशीर्वाद देत होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय भीक मागितली होती? मी विचारलं होतं की झाडाचा गुन्हा काय!

"मला नगं हे," ती मोठ्यानं म्हणाली.

खिडकीशेजारच्या खुर्चीवर सुंदरराव चहा पीत बसले होते. पांढरी टोपी, पायांत करकरणाऱ्या चपला. माणूस वाईट नव्हता. लग्नकार्याला धावून यायचा, मयताला लाकडं पाठवायचा. फक्त त्याला गावातली प्रत्येक गोष्ट आपली वाटायची.

"काय झालं ताराबाई?"

"काय न्हाई अण्णा," सुग्रीवच म्हणाला. "त्यांचं अर्धा लिटर येतंय म्हणालो, तर चिडल्या."

"येतंय?" सुंदररावांनी कप खाली ठेवला. "म्हैस व्याली का?"

"न्हाई. आजून तीन महिने हायेत."

"मग दूध कुणाचं?"

दुधाच्या रांगेतल्या माना वळल्या. ताराबाईनं खिडकीतून आत पाहिलं. शहादेवच्या हातातली काचेची नळी तशीच अधांतरी होती. शेजारणीचं आहे, विकत घेऊन घातलं, काहीही सांगता आलं असतं. त्याची नोकरी राहिली असती आणि तिच्या पेंढ्याही. ओठावर आलंही होतं. पण मग तिचं तोंड पुन्हा बंद झालं असतं आणि दहा नावं बाहेरच राहिली असती.

"ज्यानं घातलं त्याला इचारा," ती म्हणाली. "रविवारी त्याला झाडाचं लई चांगलं सांगता येतं."

 शहादेवनं नळी रॅकमध्ये ठेवली, हात पुसले, आणि दारातून बाहेर आला. बाहेर आल्यावर तो किती बुटका आहे ते पुन्हा दिसलं.

"माज्या गाईचं हाय अण्णा. मीच घालत होतो."

"ह्यांच्या नावावर? कावून?"

"गाभण म्हशीला दूध मागायचा नियम चुकीचा हाय, हे तुमाला सांगायची हिंमत झाली न्हाई. म्हणून."

सुंदरराव हसले. "नियम सगळ्यांना सारखा हाय बाबा."

"सारखा हाय. तुमची आठ भाकड जनावरं एका गाईच्या दुधावर खातात. ह्यांच्याकडं दुसरी गाय न्हाई, एवढाच फरक." त्याचा आवाज चिरकत होता, पण त्यानं तो थांबू दिला नाही. "अकराच्या अकरा नावं परत घ्या. एक वेत होईस्तोवर राहू द्या. व्याल्यावर दूध न्हाई घातलं तर काढा, मी बोलायचो न्हाई."

रांगेतून त्रिंबक म्हणाला, "माजी बी पुढल्या महिन्यात आटंल अण्णा." तेवढंच म्हणाला आणि आपल्या कॅनच्या झाकणाकडं बघत राहिला.

सुंदररावांचं हसू अजून तोंडावरच होतं, फक्त डोळ्यांत ते उरलं नव्हतं.

"नियमाचं मीटिंगीत बघू. खोट्या नोंदीचं आत्ताच बघू. किल्ली ठेव."

शहादेवनं करदोऱ्याची किल्ली सोडली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली. मग भिंतीला टेकलेली सायकल घेतली आणि कुणाकडं न बघता निघून गेला. ताराबाई घरी आली तेव्हा तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं. वाटेत तिनं स्वतःला दोन शिव्या दिल्या. तोंड उघडलं म्हणून, आणि इतक्या उशिरा उघडलं म्हणूनही. चांदीनं तिला पाहून हंबरडा फोडला आणि तिच्या रिकाम्या हातांकडं बघून मान खाली घातली.

ऊन कलायच्या आधी दगडाबाई धापा टाकत आली.

"तारे, चल! तुमच्या चर्चच्या झाडावर माणूस चढलंय. कोयता चालवतंय!"

दोघी अंगणाशी पोचल्या तेव्हा उंबराची एक बाजू उघडी पडली होती. "हात लावू नये" ही पाटी काढून बुंध्याला उलटी टेकवून ठेवली होती. खाली पाल्याचे ढीग घातले होते, नीट वेगवेगळे, प्रत्येकावर एकेक दगड. ताराबाईनं मोजले. अकरा होते. दगडाबाईच्या म्हाताऱ्या गाईनं कुणी न सांगता एका ढिगाला तोंड लावलंही होतं, आणि पारूबाई ओट्यावर बसून पंच कमिटी काय म्हणेल याची चिंता करत पाला सारखा करत होती.

वर, जिथं पोरपणी बसायचा त्याच फांदीच्या बेचक्यात, शहादेव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. हात चिकानं पांढरे झालेले. खाली कोण आलं ते त्यानं पाहिलं आणि कोयता थांबवला.   ताराबाईचा राग गेलेला नव्हता. नियम अजून तसाच होता, सुंदररावांची जनावरं त्या क्षणी वाढं खात होती, आणि या पोराची नोकरी गेली होती. उंबराचा पाला पंधरा दिवस पुरेल, फार तर वीस.

तिनं पदर खोचला, झाडाखाली आली आणि डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. दर वर्षी ओट्यावरून द्यायची त्याच आवाजात तिनं हाक दिली.

"शहादेवा, लवकर खाली उतर. आज मला तुज्या घरी यायचंय."

वरची पानं हलायची थांबली.  मग फांदीआडून त्यानं बाहीनं नाक पुसल्याचं दिसलं.

"या काकू," तो म्हणाला. "चहा तरी घ्या."

"घेते. आन दूध घाल त्याच्यात. अर्धा लिटर माजंच हाय."